उडी बदलली की गेम बदलतो

३० जून २०१७ रोजी 'क्रॅश बँडिकूट एन. सेन ट्रिलजी' प्लेस्टेशन ४ वर आली. नॉटी डॉग कंपनीने १९९६, १९९७ आणि १९९८ साली केलेले तीन गेम व्हिकॅरियस व्हिजन्सने नव्याने बांधले आणि अ‍ॅक्टिव्हिजनने बाजारात आणले. चित्रं देखणी होती, त्याबद्दल फारशी तक्रार नव्हती. पण काही दिवसांतच ठिकठिकाणचे खेळाडू एकच गोष्ट सांगू लागले: पहिल्या गेममधली उडी पूर्वीची नाही. क्रॅशचा, म्हणजे गेमच्या नायकाचा, पाय कडेला लागतो आणि तरी तो घसरून खाली जातो. दोरीच्या पुलावरच्या 'द हाय रोड' लेव्हलमध्ये तर जुने जाणकारही एकामागून एक लाइफ घालवत होते.

त्यांना ठरावीक उत्तर मिळालं. वीस वर्षं लोटली, हात मंदावले, आणि लहानपणीचं सगळंच गोड वाटतं.

हे उत्तर चुकीचं होतं, आणि ते चुकीचं असल्याचं खुद्द अ‍ॅक्टिव्हिजनच्या खुलाशातूनच कळलं. कंपनीने काही आठवड्यांतच सांगितलं की तिन्ही गेमची हाताळणी एकसारखी राहावी म्हणून तिसऱ्या गेमची, म्हणजे 'वॉर्प्ड'ची हाताळणी पाया म्हणून घेतली आहे. पहिल्या गेममधली उडी मूळ उडीपेक्षा वेगळी आहे, क्रॅश जरा लवकर खाली येतो. शिवाय टक्कर ओळखायची, म्हणजे पात्र जमिनीला किंवा कडेला लागलं की नाही हे ठरवायची, पद्धत नवी असल्यामुळे काही उड्या पूर्वीपेक्षा जास्त नेमक्या माराव्या लागतात. खेळाडूंकडे कोड नव्हता, आकडे नव्हते. नुसत्या अंगठ्याच्या सवयीवरून त्यांनी बदल ओळखला होता आणि तो कुठे झाला आहे हेही बरोबर सांगितलं होतं.

माझं म्हणणं याच प्रसंगावर उभं आहे. पुनरुज्जीवित गेमबद्दल खेळाडू जेव्हा म्हणतात की 'हाताला वेगळा लागतो', तेव्हा ते बहुतेक वेळा हळवे झालेले नसतात, ते मोजमाप सांगत असतात. आणि नवा गेम मोजता येईल इतका वेगळा असेल, तर तो मूळ गेमची जागा घेऊ शकत नाही. मूळ गेम त्याच्या जोडीला विकला गेला पाहिजे, आणि काय बदललं ते पैसे भरण्याआधी ग्राहकाला लिहून दाखवलं गेलं पाहिजे.

उडीला एवढं महत्त्व का, ते आधी पाहू. प्लॅटफॉर्मर म्हणजे उड्या मारत, कडा गाठत पुढे जायचा गेम. मारिओ, सॉनिक, क्रॅश, स्पायरो अशी एखादी स्वारी जिथे साऱ्या मालिकेचा चेहरा होते, तो मॅस्कॉट प्लॅटफॉर्मर. यात कथा नावापुरती असते. खरा ऐवज असतो तो उडीची उंची, हवेतला वेळ आणि खड्ड्याची रुंदी यांच्या मेळात.

१९९१ च्या सॉनिकचे आकडे चाहत्यांनी मूळ प्रोग्रॅम उलगडून काढलेले आहेत. सपाट जमिनीवर सॉनिकचा धावण्याचा वेग फ्रेममागे (पडद्यावर उमटणाऱ्या एका चित्रामागे) ६ पिक्सेलपर्यंत, म्हणजे पडद्यावरच्या सहा ठिपक्यांपर्यंत, वाढतो. दर फ्रेमला वेगात ०.०४६८७५ ची भर पडते, म्हणजे एका पिक्सेलचे २५६ भाग केले तर त्यातले १२. शून्यापासून पूर्ण वेग गाठायला १२८ फ्रेम लागतात, साधारण दोन सेकंद. उडीचा सुरुवातीचा वेग ६.५ पिक्सेल आणि गुरुत्व दर फ्रेमला ०.२१८७५. भागाकार केला की दिसतं, सुमारे ३० फ्रेममध्ये सॉनिक सर्वांत वर पोचतो आणि तेवढ्याच फ्रेममध्ये खाली येतो. सेकंदाला ६० फ्रेम धरल्या तर ही जवळपास एक सेकंदाची, ९६ पिक्सेल उंचीची उडी झाली. बटण लवकर सोडलं तर वर जाण्याचा वेग लगेच ४ वर आणला जातो, म्हणून छोटी उडी मिळते. लेव्हल बनवणाऱ्याने प्रत्येक फळी, प्रत्येक काटा या आकड्यांकडे बघून ठेवलेला असतो. नागपूरजवळच्या जामठ्याच्या मैदानावर क्रिकेटची खेळपट्टी २२ ऐवजी २१ यार्डांची केली तर प्रेक्षकाला काहीच दिसणार नाही, पण फलंदाजाला पहिल्याच चेंडूला कळेल. गुरुत्वाच्या आकड्यात फेरफार करून लेव्हल तशीच ठेवली की हेच होतं.

सॉनिकच्या मालिकेत याचा पुरावा दोन्ही बाजूंनी मिळतो. २०१० साली सेगाने 'सॉनिक ४'चा पहिला भाग काढला. नाव जुन्या मालिकेचं, चित्रं नवी. खेळाडूंनी नेमक्या चुका दाखवल्या: हवेत असताना दिशेचं बटण सोडलं की सॉनिकचा वेग गळून पडतो, उभ्या भिंतीवर तो सरळ उभा राहू शकतो, उतारावरून गोळा होऊन सुटला की कडेपलीकडे गोळा मोडतो. यातल्या एकाही तक्रारीत 'जुनं ते सोनं' असा सूर नाही, प्रत्येक तक्रार तपासता येते. सात वर्षांनी, ऑगस्ट २०१७ मध्ये, 'सॉनिक मेनिया' आला. तो केला ख्रिश्चन व्हाइटहेड आणि चाहत्यांच्या वर्तुळातून वर आलेल्या मंडळींनी, व्हाइटहेडच्या स्वतःच्या 'रेट्रो इंजिन' या गेम चालवणाऱ्या प्रोग्रॅमवर. त्यांनी जुने आकडे जसेच्या तसे सांभाळले आणि वर काही जुन्या लेव्हल नव्याने मांडल्या, काही नव्या रचल्या. दोन्ही गेम एकाच कंपनीचे, एकाच पात्राचे. एकाची उडी चुकली, दुसऱ्याची जमली, आणि खेळाडूंनी दोन्ही वेळा अचूक निवाडा दिला. कंपन्यांनी हा निवाडा गेम विकून झाल्यावर नव्हे, बनत असतानाच मागून घ्यावा इतका तो भरवशाचा आहे.

नागपूरच्या वाचकासाठी मात्र या प्रश्नाला आणखी एक पदर आहे. नव्वदच्या दशकात आणि त्यानंतरची काही वर्षं इथे जे खेळलं गेलं ते बहुतांश निन्टेंडोच्या फॅमिकॉम या गेमयंत्राच्या नकलांवर, 'एकात हजारो गेम' असं छापलेल्या कॅसेटवर, नकली डिस्क चालाव्यात म्हणून चिप बसवलेल्या प्लेस्टेशनवर आणि नकली सीडीवर. मे महिन्यात पारा ४५ च्या वर गेला की दुपारभर कूलरसमोर हेच चालायचं. बर्डी असो, महाल असो की सदर, घरात किंवा पार्लरमध्ये मिळणारा गेम कुठल्या देशातल्या आवृत्तीचा आहे हे दुकानदारालाही ठाऊक नसे. युरोपसाठीच्या अनेक आवृत्त्या ५० हर्ट्झच्या होत्या. सेकंदाला ६० ऐवजी ५० फ्रेम, आणि वेग त्यानुसार सुधारून घेतलेला नसेल तर सगळा गेम सुमारे १७ टक्के संथ. वर सांगितलेली सॉनिकची एक सेकंदाची उडी मग १.२ सेकंदाची होते. आपला टीव्हीही ५० हर्ट्झच्या पाल पद्धतीचाच होता. त्यामुळे इथल्या कोणाला नवा सॉनिक 'फार पळतो' असं वाटलं, तर ती आठवणही खरीच असू शकते, फक्त ती वेगळ्या आवृत्तीची आठवण आहे. २०१८ च्या 'प्लेस्टेशन क्लासिक' या छोट्या यंत्रात सोनीने दिलेल्या वीसपैकी नऊ गेम ५० हर्ट्झच्या आवृत्तीतले होते, आणि ते ६० हर्ट्झवर वाढलेल्या खेळाडूंनी लगेच पकडलं.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची. मूळ क्रॅश, मूळ स्पायरो, मूळ सॉनिक हे इथल्या बहुतेक घरांना कायदेशीर मार्गाने, रास्त भावात आणि पावतीसह सहज मिळत होते असा काळच आला नाही. पुनरुज्जीवन ही आपल्याकडची पहिली खरी विक्री आहे. लंडन किंवा टोकियोतल्या माणसाकडे माळ्यावर जुनी डिस्क असू शकते. इथल्या माणसाला जे दुकानात मिळेल तेच मिळणार. त्या दुकानात फक्त बदललेली आवृत्ती ठेवली, तर मूळ गेम खेळायचा सरळ मार्ग त्याच्यासाठी कधी उघडलाच नाही, आणि आता तो कायमचा बंद होतो.

आता दुसरी बाजूही प्रामाणिकपणे मांडायला हवी. 'हाताला वेगळा लागतो' या प्रत्येक तक्रारीमागे गेमच असतो असं नाही. पुष्कळदा दोष टीव्हीचा असतो. जुन्या काचेच्या टीव्हीवर चित्र जवळजवळ तत्क्षणी उमटायचं. आजचा मोठा एलईडी टीव्ही चित्र गुळगुळीत करायला, रंग भडक करायला वेळ घेतो, आणि हा उशीर स्वस्त टीव्हीवर १०० मिलिसेकंदांच्याही वर जाऊ शकतो. ६० फ्रेमच्या गेममध्ये एक फ्रेम १६.७ मिलिसेकंदांची, म्हणजे बटण दाबल्यापासून सहा फ्रेम हवेतच गेल्या. म्हणून अभिप्राय देण्याआधी आपलं सामान तपासायला हवं.

टीव्हीच्या सेटिंगमध्ये पिक्चर मोड 'गेम' करा. तो प्रत्येक एचडीएमआय पोर्टला वेगळा लावावा लागतो, आणि नेमकी इथेच चूक होते: सेट टॉप बॉक्सच्या पोर्टला गेम मोड लागतो आणि कन्सोल दुसऱ्याच पोर्टवर राहतो. हालचाल गुळगुळीत करणारी सोय वेगळी असेल तर तीही बंद करा. दुकानातून आलेला टीव्ही पुष्कळदा 'व्हिव्हिड' किंवा दुकानी मोडवरच असतो, तो घरच्या मोडवर आणा. आवाज ब्लूटूथ स्पीकरवर असेल तर तो काढा, कारण कानाला उशिरा आलेला आवाज हातालाही चुकवतो. कंट्रोलरची काडी न हलवता पात्र सरकत असेल तर आतला पोटेन्शिओमीटर (काडी किती वळली ते मोजणारा भाग) झिजला आहे किंवा त्यात धूळ गेली आहे. नागपूरच्या उन्हाळ्यात धूळ काही कमी नसते. विंडोजच्या संगणकाला कंट्रोलर जोडून 'जॉय डॉट सीपीएल' (joy.cpl) उघडलं की काडीचा ठिपका मध्यावर स्थिर राहतो का ते दिसतं. आणि पहिला क्रॅश खेळताना काडी वापरूच नका, डावीकडची चार दिशांची बटणं वापरा. मूळ गेम १९९६ चा, अ‍ॅनालॉग काडीचे ड्युअलशॉक कंट्रोलर त्यानंतर आले. पुलावरच्या त्या लेव्हल सरळ रेषेत चालण्यासाठीच आखलेल्या आहेत. काडी दोन-तीन अंश जरी तिरकी गेली तरी क्रॅश फळीच्या बाजूने खाली.

एवढं झालं की मोजायचं कसं? फोनमधला स्लो मोशन कॅमेरा पुरेसा आहे. सेकंदाला २४० फ्रेम घेणारा असेल तर प्रत्येक फ्रेम सुमारे ४.२ मिलिसेकंदांची. काही स्वस्त फोन २४० लिहितात पण मधल्या फ्रेम स्वतः रचून भरतात. तसं असेल तर १२० वर ठेवा. कंट्रोलर वायरने जोडा, अंगठा आणि पडदा दोन्ही एका चौकटीत दिसतील असा फोन टेकवून ठेवा. बटण पूर्ण दाबलं गेल्यापासून पात्र हलेपर्यंतच्या फ्रेम मोजा. हा झाला उशीर. तो एकदा मोजून भागत नाही. सेकंदाला ३० फ्रेमच्या गेममध्ये एक फ्रेम ३३ मिलिसेकंदांची असते, आणि बटण त्यातल्या कुठल्याही क्षणी दाबलं जातं. त्यामुळे फोनच्या आठ फ्रेमपर्यंतचा फरक आपोआप येतो. दहा वेळा मोजून सरासरी घ्या.

मग दुसरं माप घ्या: पाय जमिनीवरून सुटल्यापासून परत टेकेपर्यंतचा वेळ. एकदा बटण दाबून धरून, एकदा टिचकी मारून. या मापात टीव्हीचा उशीर येतच नाही, कारण सुरुवात आणि शेवट दोन्ही पडद्यावरच घडतात आणि दोन्हींना सारखाच उशीर होतो. पहिलं माप वाढलं असेल तर दोष टीव्हीत, कंट्रोलरमध्ये किंवा गेमच्या बटण वाचण्याच्या पद्धतीत आहे. दुसरं माप बदललं असेल तर ती गेमची उडीच बदललेली आहे, आणि मग कुठलंही सेटिंग ती परत आणू शकत नाही. जुन्या आवृत्तीचं चित्रीकरण तुलनेला घ्याल तेव्हा ती ५० हर्ट्झची आहे की ६० ची, हे आधी पाहा. तिसरी चाचणी कडेची: हळूहळू चालत कडेपर्यंत जा आणि पात्राचा किती पाय हवेत गेल्यावर ते पडतं ते बघा. नव्या क्रॅशमध्ये तळाचा टक्कर-आकार गोलसर कॅप्सूलसारखा असल्याचं चाहत्यांनी दाखवलं. सपाट तळ कडेवर टेकून राहतो, गोल तळ निसटतो. 'पाय लागला तरी पडलो' ही तक्रार इथून आली होती.

असा अभिप्राय जो लिहितो तो समीक्षकापेक्षा जास्त उपयोगी काम करतो. समीक्षकाला गेम विक्रीच्या आधी मिळतो आणि त्याचा लेख विक्रीच्या दिवशी येतो. त्यानंतर गेम बदलला तर तो लेख बदलत नाही. 'क्रॅश टीम रेसिंग नायट्रो-फ्युएल्ड' २१ जून २०१९ ला आला तेव्हा त्यात खऱ्या पैशांनी खरेदी नव्हती. ऑगस्टमध्ये ती आणली गेली: गेममधली वुम्पा नाणी पैसे देऊन घ्या. लेख सगळे जूनचे, दुकान ऑगस्टचं. मुलासाठी गेम घेताना ज्या पालकाने लेख वाचून निर्णय घेतला, त्याला वेगळीच वस्तू मिळाली. हे अपघाताने घडत नाही, आणि मला हे सरळसरळ अप्रामाणिक वाटतं.

डिस्कच्या बाबतीतही हेच. 'स्पायरो रिइग्नायटेड ट्रिलजी' १३ नोव्हेंबर २०१८ ला आली. डबीवर तीन गेमची नावं, पण दुसरा आणि तिसरा गेम डिस्कवर पूर्ण नव्हता, तो इंटरनेटवरून उतरवून घ्यायचा होता. इथे घरात चांगलं ब्रॉडबँड असलं तर एका रात्रीत होतं, मोबाइलच्या डेटावर अवलंबून असलेल्या घरात दिवस जातात. पण खरा प्रश्न दहा वर्षांनंतरचा आहे. कंपनीने सर्व्हर बंद केला की ती डिस्क एका गेमपुरती उरते. निन्टेंडोने ३डीएस आणि वी यू या यंत्रांच्या ऑनलाइन दुकानातली खरेदी २७ मार्च २०२३ ला बंद केली, त्यामुळे ही शक्यता काल्पनिक नाही. ज्याला नवा गेम चार-पाच हजारांना परवडत नाही तो जुन्या डिस्कच्या देवाणघेवाणीवर खेळतो. डिस्कवर नुसती किल्ली आणि गेम इंटरनेटवर, ही पद्धत रुजली की दुकानातून तिसऱ्याच्या हातात गेलेल्या डिस्कचा भरवसा राहत नाही.

त्याच स्पायरोमध्ये सुरुवातीला कथेच्या दृश्यांतल्या संवादांना सबटायटल नव्हती. चाहत्यांच्या आठवणीतल्या मूळ स्पायरोचा वारसा जपायचा होता, असा कंपनीचा सूर होता. ऐकू न येणाऱ्यांनी आणि इंग्रजी दुसरी-तिसरी भाषा असलेल्यांनी आवाज उठवल्यावर २०१९ मध्ये ती घातली गेली. इंग्रजी वाचून समजणारी पण परक्या उच्चारांतली ऐकून न समजणारी मुलं नागपूरच्या कुठल्याही शाळेत बहुसंख्य असतील. उडीच्या बाबतीत मूळ गेम पाळायचा नाही आणि सबटायटलच्या बाबतीत मात्र मूळ गेमकडे बोट दाखवायचं, हे दोन्ही एकाच वेळी चालत नाही.

सगळ्यांत वाईट उदाहरण सॉनिकचंच. 'सॉनिक ओरिजिन्स' हा जुन्या गेमचा संग्रह २३ जून २०२२ ला आला. त्याआधी, २० मे रोजी, सेगाने त्यातले सुटे जुने गेम बहुतेक डिजिटल दुकानांतून काढून घेतले. म्हणजे स्वस्तात मिळणारी वस्तू आधी हटवली आणि मग महाग संग्रह ठेवला. त्या संग्रहातल्या तिसऱ्या सॉनिकमधली काही गाणी, 'आइस कॅप'सारख्या लेव्हलची, बदललेली होती. गेममध्ये दोषही बरेच होते, इतके की त्यावर काम केलेल्या हेडकॅनन या चमूतूनच जाहीर नाराजी व्यक्त झाली. नवा ग्राहक आज तिसरा सॉनिक घेतो तेव्हा मूळ संगीत कसं होतं हे त्याला गेममधून कळत नाही. निन्टेंडोने तर 'सुपर मारिओ ३डी ऑल-स्टार्स' १८ सप्टेंबर २०२० ते ३१ मार्च २०२१ एवढाच विकला. डिजिटल वस्तूचा साठा संपत नसतो, त्यामुळे ही टंचाई मुद्दाम केलेली होती.

विरोधात दोन मुद्दे येतात आणि दोन्हींत दम आहे. पहिला असा की मूळ गेम आजच्या मुलाला खेळवत नाही. खरं आहे. पहिल्या क्रॅशमध्ये बोनस फेरी पूर्ण केल्याशिवाय किंवा हिरा (लेव्हलचं बक्षीस) मिळवल्याशिवाय सेव्ह करता येत नसे, आणि हिरा हवा तर पेट्या सगळ्या फोडून एकदाही न मरता लेव्हल संपवावी लागे. नव्या आवृत्तीत आपोआप सेव्ह होतं आणि न मरण्याची अट रंगीत हिऱ्यांपुरतीच उरली आहे. हा बदल चांगला आहे, त्याला कोणाचाच विरोध नाही. २०२० च्या 'क्रॅश ४'मध्ये टॉईज फॉर बॉब या स्टुडिओने तर निवडच दिली: लाइफ मोजायच्या असतील तर रेट्रो, नको असतील तर मॉडर्न. उडीत असताना पात्राखाली पिवळं वर्तुळ दिसतं, त्यामुळे खाली कुठे टेकणार ते कळतं, हवं तर ते बंदही करता येतं. खोलीचा अंदाज चुकणं हा त्रिमितीय प्लॅटफॉर्मरचा सगळ्यात जुना दोष, आणि इतका साधा उपाय मालिकेला चोवीस वर्षांनी सुचला. (त्याच गेममध्ये लेव्हलमागे सहा हिरे, त्यात काही लेव्हलमध्ये तीनशेच्या वर पेट्या, आणि एक पेटी सुटली की पुन्हा पहिल्यापासून, हा मात्र लांबी वाढवायचा खटाटोप होता. तिथे खेळाडूंचा कंटाळा पूर्ण न्याय्य आहे.) पण सोय वाढवणं वेगळं आणि उडीचं गणित बदलून ते न सांगणं वेगळं. पहिल्या प्रकारात ग्राहकाला पर्याय मिळतो, दुसऱ्यात तो काढून घेतला जातो.

दुसरा मुद्दा खर्चाचा आणि हक्कांचा. जुना कोड हरवलेला असतो, संगीताचे करार संपलेले असतात. हेही खरं, पण याच धंद्यातल्या काहींनी वाट काढून दाखवली आहे. २०१९ च्या 'मेडिईव्हल'मध्ये हरवलेले आत्मे शोधले की १९९८ चा मूळ गेम त्यातच खुला होतो. २०१५ च्या 'रेअर रिप्ले'मध्ये रेअर कंपनीचे तीस गेम एकत्र आले. २०२५ मध्ये परत आलेल्या 'क्रॉक'मध्ये नवी हाताळणी दिली, पण जुनीही निवडता येते. जुना गेम जसाच्या तसा चालवण्यासाठी त्याचा मूळ कोड लागतच नाही, चालू प्रत आणि चांगला एम्युलेटर (जुन्या यंत्राची नक्कल करणारा प्रोग्रॅम) पुरतो. गाण्याचा हक्क मिळत नसेल तर तसं विक्रीच्या पानावर लिहायला एक ओळ लागते.

एम्युलेटर आहेच तर मग तक्रार कसली, असंही कोणी विचारेल. भारताच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यातलं कलम ५२ संगणक प्रोग्रॅमची कायदेशीर प्रत ज्याच्याकडे आहे त्याला नुकसानीपासून बचाव म्हणून प्रत काढून ठेवू देतं. ज्याच्याकडे मूळ डिस्कच नाही त्याला हे कलम काही देत नाही. आणि इथल्या बहुतेकांकडे ती कधी नव्हतीच, हे वर आलंच आहे.

नवा कायदा येईपर्यंत थांबायची गरज नाही. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात महत्त्वाची माहिती जाणूनबुजून लपवणारी जाहिरात ही दिशाभूल करणारी जाहिरात ठरते. उडीचं गणित बदललं, गाणी बदलली, तीनपैकी दोन गेम डिस्कवर नाहीत, नंतर पैशांचं दुकान येणार आहे: मॅस्कॉट प्लॅटफॉर्मरच्या ग्राहकासाठी ही महत्त्वाची माहिती नाही, असं कुठल्याही कंपनीने ग्राहक आयोगापुढे सांगून दाखवावं. नोव्हेंबर २०२३ मध्ये केंद्र सरकारने डार्क पॅटर्नबद्दल, म्हणजे ग्राहकाला फसवणाऱ्या ऑनलाइन युक्त्यांबद्दल, मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यांत तेरा प्रकार दिले आहेत. एक दाखवून दुसरं देणं हा त्यांतलाच एक. अमेरिकेत कॅलिफोर्निया राज्याने १ जानेवारी २०२५ पासून डिजिटल विक्रेत्यांना बांधून घातलं आहे की ग्राहक मालक होत नसून परवाना घेतो आहे, हे विक्रीच्या वेळीच स्पष्ट सांगा. आपल्या ग्राहक मंत्रालयाला हीच अट घालता येईल, आणि त्यात 'मूळ आवृत्तीपासून केलेले बदल' ही एक जागा वाढवता येईल.

तोवर नागपूरच्या ग्राहकाने काय करावं? खरेदीच्या दिवशी विक्रीच्या पानाचा तारखेसह स्क्रीनशॉट घ्या, पावती ठेवा, डबीची मागची बाजू फोटोत घ्या. मोजमापाची चित्रफीत असेल तर तीही. आधी विक्रेत्याकडे लेखी तक्रार करा, मग राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहे. तिथे मिटलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग. नव्या कायद्याने तक्रारदार जिथे राहतो किंवा काम करतो तिथेच दावा दाखल करता येतो, म्हणजे कंपनीचं कार्यालय मुंबईत किंवा बंगळुरूत असलं तरी तक्रार नागपुरात चालते. वस्तूची किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर आयोगाची फी नाही, आणि कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत आहे. चार हजारांच्या गेमसाठी एवढं कोण करतो, असं वाटेल. पण कडेवरून घसरणाऱ्या क्रॅशबद्दल अ‍ॅक्टिव्हिजनला उत्तर द्यावं लागलं ते तक्रार करणारे पुष्कळ होते आणि नेमकं बोलत होते म्हणून. आयोगापुढे एक जरी प्रकरण नीट मोजमापांसह उभं राहिलं, तरी 'बदल काय केले ते आधी का लिहिलं नाही' या प्रश्नाचं उत्तर कंपनीला पहिल्यांदाच शपथेवर द्यावं लागेल.